पाय ठेवला की आवाज थांबतो, ही खूण सोडू नका

तुम्ही लिहिलंय ते आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलंय की नाही ते तुम्हालाही दिसेल. २०१८ ची पेट्रोल हॅचबॅक, रनिंग ४१ हजार, पुढचे ब्रेक पॅड अजून गाडीबरोबर आलेलेच. रोज धायरी ते हिंजवडी आणि परत. गेले दहा-बारा दिवस पुढच्या डाव्या चाकाकडून बारीक ‘चीं’ असा आवाज येतो, चाक फिरेल तसा. ब्रेकवर पाय ठेवला की थांबतो, काढला की पुन्हा सुरू. शेजारचे काका म्हणतात धूळ बसलीय, वॉशिंग करून घे. सर्व्हिस सेंटरने पॅड, दोन्ही डिस्क, मागचे लायनर (मागच्या चाकांच्या ड्रममधले घासणारे भाग) आणि ब्रेक ऑइल असं लांबलचक एस्टिमेट हातात दिलं. तुम्ही विचारताय, खरं कोण?

काका चुकलेत. सेंटरवाले बहुधा निम्मे बरोबर आहेत. पॅड संपत आलेत हे तुमच्या वर्णनावरून गाडी न बघताही बऱ्यापैकी खात्रीने सांगता येतं. त्यात नवलही नाही. पण तुम्ही न विचारलेला एक प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो: डावंच चाक का ओरडतंय? ब्रेक तर दोन्ही चाकांना सारखेच लागलेत. त्याकडे येतोच, पण आधी आवाजाचं बघू.

वारज्यात गॅरेज टाकून मला चोवीस वर्षं झाली. या काळात लोकांनी ब्रेकच्या आवाजाची जी वर्णनं केली त्यांचा एक कोश होईल. चीं, किर्र, खर्रर्र, घूंऽऽ, टकटक, ‘गिरणीत दळण चाललंय असं वाटतं’, ‘कोणीतरी फळ्यावर खडू ओढतंय’. एका आजोबांनी तर मला आवाज काढून दाखवला आणि तो इतका हुबेहूब होता की मी गाडी न चालवता जॅक लावला. पण सुरुवातीची काही वर्षं मी एक चूक करत असे. आवाज कसा आहे यावर अडून बसायचो. खरी माहिती आवाज कधी येतो यात असते. ब्रेक दाबल्यावर येतो की न दाबता? दाबल्यावर वाढतो, बदलतो की बंद होतो? सकाळच्या पहिल्या दोन-चार ब्रेकलाच येतो की दिवसभर? सरळ रस्त्यावर की वळणावर? म्हणूनच ‘पाय ठेवला की थांबतो’ हे तुमचं एक वाक्य बाकी सगळ्या वर्णनापेक्षा मोलाचं आहे.

त्याचं कारण असं. पुढच्या चाकाबरोबर लोखंडी डिस्क फिरते. तिच्या दोन्ही अंगांना एकेक पॅड असतो, म्हणजे एक आतला आणि एक बाहेरचा. पॅड म्हणजे पोलादी पाटी आणि तिच्यावर चिकटवलेला घासण्याचा मसाला. नव्या पॅडवर हा मसाला साधारण १० ते १२ मिलिमीटर असतो. बऱ्याच पॅडच्या पाटीला एक छोटी पोलादी पट्टी वाकवून बसवलेली असते. मसाला २-३ मिलिमीटरवर आला की या पट्टीचं टोक डिस्कला टेकतं आणि ओरडायला लागतं. ती मुद्दाम ओरडण्यासाठीच बसवलेली असते. ब्रेक दाबल्यावर पॅड डिस्कवर घट्ट बसतो, पट्टीवर दाब येतो आणि तिची थरथर थांबते, म्हणून आवाज बंद. पाय काढला की पट्टी मोकळी होते आणि पुन्हा गाणं सुरू. तुमच्या गाडीत बहुतेक हेच चाललंय.

‘बहुतेक’ म्हणतो, कारण काही गाड्यांत ही पट्टी उलट वागते, ब्रेक दाबल्यावरच ओरडते. काही महागड्या गाड्यांत पट्टीऐवजी वायर असते आणि आवाजाऐवजी डॅशबोर्डवर दिवा लागतो. बाजारात मिळणाऱ्या काही स्वस्त पॅडना पट्टीच नसते, मग ते पूर्ण संपेपर्यंत शांत राहतात आणि एकदम लोखंडावर लोखंड ‘खर्रर्र’ करतात. तुमचे पॅड पहिलेच आहेत, म्हणून पट्टी असण्याची शक्यता जास्त.

दुसरी शक्यता खड्याची. डिस्कच्या आतल्या बाजूला पत्र्याची एक पातळ ताटली असते, धूळ-चिखल अडवायला. तिच्यात आणि डिस्कमध्ये हरभऱ्याएवढा खडा अडकला की चाक फिरेल तसा भयंकर किंचाळतो. माझ्या गॅरेजच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी एका ग्राहकाचे चांगले निम्मे शिल्लक असलेले पॅड मी याच आवाजापायी बदलले. गाडी बाहेर काढली तर आवाज जिथल्या तिथे. परत चाक उघडलं, पत्रा बोटाने जरा वाकवला, खडा टपकन खाली पडला. चोर सोडून संन्याशाला फाशी! पॅडचे पैसे अर्थातच घेतले नाहीत, आणि तो खडा बरेच दिवस टेबलावर ठेवला होता. खड्याचा आवाज ब्रेक दाबल्यावर सहसा बदलत नाही आणि तो अचानक सुरू होतो, एखाद्या कच्च्या रस्त्यानंतर. तुमचा आवाज पाय ठेवताच बंद होतो, म्हणून खडा मी मागे ठेवतो. वगळत मात्र नाही.

बाकीचे आवाज तुमच्या गाडीत नाहीत, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या असतील म्हणून भरभर सांगतो. पावसाळ्यात रात्रभर गाडी उघड्यावर उभी राहिली की डिस्कवर लालसर गंज धरतो. सकाळी पहिल्या चार-पाच ब्रेकला खरखर होते आणि मग जाते. त्याला काही करायचं नाही. वेगाबरोबर वाढणारी ‘घूंऽऽ’ अशी घरघर, वळण घेताना कमी-जास्त होणारी, ब्रेकशी संबंध नसलेली, ती व्हील बेअरिंगची. स्पीडब्रेकरवर टकटक आणि ब्रेकला हलका पाय ठेवला की बंद, तर पॅड धरून ठेवणाऱ्या क्लिपा तुटल्यात किंवा मागच्या कामात कुणीतरी त्या बसवल्याच नाहीत. सकाळी गाडी हलवताना मागून एकच ‘टक्’ झाला तर रात्री ओल्या ड्रमला लायनर चिकटला होता. सपाट जागेवर हँडब्रेकऐवजी गाडी गिअरमध्ये उभी करून बघा.

ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं हा आवाजाचा विषय नाही, पण लोक तो यातच घालतात. डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिली नाही की तसं होतं. आपल्याकडे त्याला ‘डिस्क बेंड झाली’ म्हणतात. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते, असमान झिजलेली असते.

आता घरच्या घरी काय बघता येईल ते. आवाज नक्की कुठल्या बाजूचा आहे हे गाडीत बसून नीट कळत नाही. एखाद्या लांब कंपाउंडच्या भिंतीलगत, रहदारी नसताना, काचा खाली करून १५-२० च्या वेगाने जा. भिंतीवरून आवाज परत येतो आणि त्या बाजूचं चाक बोलतंय का ते स्पष्ट ऐकू येतं. मग उलट दिशेने या, म्हणजे दुसरी बाजू भिंतीकडे येईल. हँडब्रेक पुढच्या चाकांना नसतो. त्यामुळे मोकळ्या जागी अगदी हळू चालताना तो बटण दाबून धरूनच किंचित ओढला आणि आवाज बदलला, तर गडबड मागे आहे.

गाडी सपाटीवर, गार झालेली असताना स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा आणि मोबाइलचा टॉर्च घेऊन चाकाच्या मागून बघा. स्पोकच्या फटीतून जो दिसतो तो बाहेरचा पॅड. त्याच्यावर विश्वास ठेवू नका. आतला पॅड पिस्टनकडच्या, म्हणजे ऑइलच्या दाबाने पॅड ढकलणाऱ्या दट्ट्याच्या बाजूला असतो आणि बरेचदा तोच आधी संपतो. ‘बाहेरून तर भरपूर पॅड दिसतोय’ असं म्हणत आलेल्या आणि आत नुसती पाटी उरलेल्या किती गाड्या बघितल्या असतील, मोजदाद नाही. माप हवं असेल तर एक रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवा, अंदाजे ३ मिलिमीटर होतात. मसाला तेवढा किंवा त्याहून कमी असेल तर बदलायची वेळ झाली. मोजताना पोलादी पाटी धरू नका, फक्त मसाला.

बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची डबीही बघा. पॅड झिजतो तसा पिस्टन बाहेर सरकतो आणि त्याच्यामागची जागा भरायला डबीतलं ऑइल खाली जातं. म्हणजे गळती नसताना पातळी ‘मिन’च्या रेघेजवळ आली असेल तर पॅड संपत आल्याचा तो दुसरा साक्षीदार. कमी दिसलं म्हणून कुणी वरून भरून दिलं तर ही खूण पुसली जाते, आणि नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलला की जादा ऑइल उतू जाऊन रंग खातं. पातळी एकदम उतरलेली दिसली किंवा पेडल खाली जायला लागलं, तर मात्र ती गळती समजा आणि गाडी हलवू नका.

इथवर हिशेब असा: पट्टी ओरडतेय ही शक्यता सगळ्यात मोठी, खडा दुसरा, धूळ शर्यतीत नाही. आता डाव्या चाकाचा प्रश्न.

दोन्ही बाजूंचे पॅड अगदी एकाच दिवशी संपत नाहीत. अर्ध्या-एक मिलिमीटरचा फरक चालतो, म्हणून डावं चाक आज आणि उजवं पंधरा दिवसांनी ओरडणार असेल तर त्यात काहीच नाही. पण फरक मोठा असेल तर डाव्या कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड आणि पिस्टन धरून ठेवणाऱ्या पकडीत, काहीतरी अडकतंय. तुमच्यासारख्या गाडीत पिस्टन एकाच बाजूला असतो, आत. तो आतला पॅड डिस्कवर दाबतो आणि त्याच्या उलट्या जोराने अख्खा कॅलिपर दोन पिनांवर सरकत बाहेरचा पॅड ओढून घेतो. या स्लायडर पिनांवरचं रबर फाटलं की पाणी आत जातं, ग्रीस वाळतं, पिन जाम होते. मग कॅलिपर सरकत नाही, सगळं काम आतल्या पॅडवर येतं, आणि पाय काढल्यावरही तो पुरता सुटत नाही.

म्हणून माझी पद्धत अशी की चारही जुने पॅड काढल्यावर आधी बाकावर एका ओळीत मांडायचे, ग्राहकासमोर. दोन्ही बाजूंचे चारही सारखे झिजलेत तर कॅलिपर निरोगी. आतला संपला आणि बाहेरचा जाड, तर पिना बघा. एका बाजूचे दोन्ही पॅड दुसऱ्या बाजूपेक्षा बरेच पातळ, तर त्या बाजूचा पिस्टन परत जात नाही किंवा ऑइल नेणारा रबरी होजपाइप आतून फुगलाय. पॅड पाचरीसारखा तिरका झिजला असेल तर तो त्याच्या खाचेत अडकलाय, खाचेतला गंज खरवडून काढायला हवा. मसाल्याचा पृष्ठभाग आरशासारखा चकचकीत असेल तर तो कधीतरी फार तापला होता. हे न बघता पॅड बादलीत टाकणाऱ्याने तुमचं दुखणं तसंच ठेवलं, नवे पॅड वर्षभरात पुन्हा जातील.

घरी याचा एक अंदाज घेता येतो. आठ-दहा किलोमीटर नेहमीसारखी गाडी चालवून थांबा आणि दोन्ही पुढच्या चाकांच्या मध्याजवळ हात न्या. लावू नका, डिस्क चांगलीच भाजते. डावीकडे धग स्पष्ट जास्त वाटली किंवा जळकट वास आला, तर डावं चाक धरून राहतंय. ब्रेक मारताना गाडी एका अंगाला ओढली जाते का तेही बघा.

आता एस्टिमेटकडे. पुढचे पॅड: हो, दोन्ही चाकांचे एकदम, आवाज एकीकडून असला तरी. नाहीतर दोन बाजूंना ब्रेक वेगळे लागतात. डिस्क: कळत नाही. म्हणजे मला कळत नाही आणि मोजल्याशिवाय त्यांनाही कळू नये. डिस्कवरच कमीत कमी जाडी कोरलेली असते. मायक्रोमीटर लावायचा, चार-पाच ठिकाणी मोजायचं, आकडा जॉबकार्डवर लिहायचा. बऱ्याच डिस्कना नव्यापासून साधारण २ मिलिमीटरच झिजायची मुभा असते. फक्त पट्टी टेकलेली असताना डिस्क गेलेली असण्याचं प्रमाण माझ्याकडे कमी आहे. नखाला खोल चर लागत असतील किंवा जाडी कोरलेल्या आकड्याजवळ आली असेल तर मात्र बदलाच. लेथवर डिस्क साफ करून घ्या असं कुणी सुचवलं तर विचारा, साफ केल्यावर किती उरेल. उरलेली जाडी आकड्याच्या काठावर येणार असेल तर मी ते काम घेत नाही.

मागचे लायनर: ड्रम उघडून बघितल्याशिवाय ‘बदला’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. पुढच्या चाकांवर ब्रेकचा भार जास्त येतो, त्यामुळे मागचे लायनर बहुधा पुढच्या पॅडपेक्षा पुष्कळ जास्त टिकतात. बरेचदा आतला भुसा साफ करून, अ‍ॅडजस्टर मोकळा करून काम भागतं.

ब्रेक ऑइलबाबत मी सेंटरच्या बाजूने आहे. त्याला ऑइल म्हणतात, पण ते तेल नव्हे आणि हवेतला ओलावा ओढून घेतं. नव्या डॉट ४ ला (ही ब्रेक ऑइलची एक प्रत) किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळी फुटता कामा नये, पण पाणी शोषलेल्याला मानकात फक्त १५५ चीच अट आहे. उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल रिकामं खाली जातं. दोन वर्षांनी बदलावं. २०१८ पासून तेच असेल तर आत्ता बदलाच.

काम कुठेही करा, तिथेच किंवा ओळखीच्या गॅरेजात. पॅड स्वतः आणायचे असतील तर नाना पेठेत मिळतील, पण पाकीट सीलबंद बघा आणि पॅडच्या पाठीवरचा पातळ शिम (आवाज दाबणारा पत्रा) आणि क्लिपा आहेत का ते तपासा. काम सांगताना एवढं म्हणा: जुने पॅड मला द्या, डिस्कची जाडी लिहून द्या, स्लायडर पिना काढून साफ करून त्यांना ब्रेकचंच सिलिकॉन ग्रीस लावा. साधं ग्रीस रबर फुगवतं. आणि आतला भुसा हवेच्या पाइपने उडवू नका, तो श्वासात जायच्या लायकीचा नसतो.

किती दिवस काढता येतील, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. हे चालवण्यावर अवलंबून आहे. माझ्याकडे एकाच मॉडेलच्या दोन गाड्या येतात. एकाचे पॅड २२ हजारांत संपले, दुसऱ्याचे ६० हजारांना अजून चालतायत. पहिला सिग्नलपर्यंत रेस करून ब्रेक मारतो, दुसरा लांबूनच पाय काढतो. पट्टी नुकतीच बोलायला लागली असेल तर शहरात सावकाश चालवून आठवडाभर निघतो. तुमचे बारा दिवस झालेत. म्हणजे मी असतो तर याच आठवड्यात काम केलं असतं आणि तोवर सिंहगड, ताम्हिणी, वरंध काहीही ठरवलं नसतं. घाट उतरताना पॅड सलग तापतो आणि पातळ पॅडमधून ती उष्णता थेट ऑइलपर्यंत जाते. नवले पुलाच्या उतारावर तुम्ही रोज जात असाल तर तिथेही गिअर खाली टाकून इंजिनावर वेग धरा. न्यूट्रलमध्ये उतरायची सवय असेल तर ती आजपासून बंद. आवाज ‘चीं’चा ‘खर्रर्र’ झाला आणि पेडलमध्ये घासल्यासारखं जाणवलं, तर मसाला संपून पाटी डिस्कवर आलीय. मग आठवडा वगैरे नाही, गाडी तिथेच उभी करून उचलून न्या.

नवे पॅड बसल्यावर पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोरात ब्रेक मारणं टाळा. मसाला आणि डिस्क एकमेकांना बसायला वेळ लागतो आणि त्या काळात थोडी कुरकुर होते. घाबरून परत जाऊ नका. पाचशे किलोमीटरनंतरही ओरडत असतील तर शिम, क्लिपा किंवा पॅडचा दर्जा यात कुठेतरी खोट आहे. आणि गाडी तापलेली असताना वॉशिंगला नेऊन चाकांवर गार पाण्याचा फवारा मारून घेऊ नका. काकांचा सल्ला मानायचाच असेल तर गाडी गार झाल्यावर माना.

पॅड निघाले की डाव्या आणि उजव्या बाजूच्या आतल्या पॅडचा मसाला किती उरला होता ते मोजून इथे लिहा. दोघांत दीड-दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक निघाला तर नवे पॅड बसवण्याआधी डाव्या कॅलिपरच्या पिना हाताने सरकतात का ते तिथेच उभं राहून बघून घ्या.